जुन्या घरात बेने इस्रायल कुटुंबाचे कागद सापडलेत, पुढे कुठे शोधायचं?

अष्टागरची_पोर

नमस्कार मंडळी, इतिहास विभागात पहिल्यांदाच लिहितेय, जागा चुकली असेल तर ॲडमिननी धागा हलवावा.

आमचं घर रेवदंड्याजवळ. आजोबांनी ते एका बेने इस्रायल (म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू) कुटुंबाकडून विकत घेतलं, ती माणसं इस्रायलला जायला निघाली होती तेव्हा. यंदा पावसाआधी कौलं उतरवून पत्रे टाकायचे म्हणून माळा रिकामा केला तर वाशांच्या मागे एक पत्र्याची पेटी निघाली. वडिलांनासुद्धा माहीत नव्हती. आत असं आहे, काही मोडीतले सुटे कागद, एक जाडजूड वही बाळबोध मराठीत, तिच्यात नावं आणि पुढे रुपये आणे आणि मधेमधे मथळे, "नव्याचा सण", "बिरड्याचा सण" असे, आणि एक मोठा छापील कागद ज्याला चारी बाजूंनी वेलबुट्टी आहे, मजकूर हिब्रू असावा आणि मोकळ्या सोडलेल्या जागांत शाईने हाताने भरलंय. नावं इथे देत नाही, त्यांचे नातू पणतू कुठेतरी असतीलच आणि त्यांना न विचारता टाकणं बरं दिसत नाही.

शेजारच्या दादांनी मोडीचा वर्ग केलाय. त्यांना एका कागदावरचं एवढंच लागलं, घाण्याबद्दल काहीतरी आहे आणि वर तारखेच्या जागी "सलास तिसैन मया व अलफ". हे काय आहे ते त्यांनाही सांगता येईना.

मला या घरातल्या आधीच्या माणसांचा माग काढायचाय. म्हणजे गावात कधीपासून होते, काय करायचे, कुठून आले. शाळेत आम्हाला नवगावला गलबत फुटलं आणि सात बाया सात पुरुष वाचले एवढंच सांगितलं, त्यानंतर एकदम मुंबई आणि मग इस्रायल, मधलं सगळं गायब. गावात विचारलं तर एक काका म्हणतात सगळे कागद ते घेऊन गेले, दुसरे म्हणतात अहो तेल गाळणारी माणसं ती, त्यांचं कोण लिहून ठेवणार. आणि एका जुन्या वस्तूवाल्याला कसं कळलं देव जाणे, तो त्या वेलबुट्टीच्या कागदाला गिऱ्हाईक म्हणून दोनदा फोन करून बसलाय.

तर खरंच काही रेकॉर्ड आहे का कुठे? आणि या पेटीचं मी काय करू?

रुमाल_सोडणारा

आधी तारीख. सलास म्हणजे ३, तिसैन म्हणजे ९०, मया १००, अलफ १०००. एकूण ११९३, हा सुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी दप्तरांत वापरायचे ती कालगणना. त्यात ५९९ मिळवा, १७९२ आलं. सुहूर सन मृगाला बदलतो म्हणून १७९२-९३ लिहायचं. म्हणजे सवाई माधवरावांच्या काळातला कागद आहे ताई तुमच्याकडे, त्या दुसऱ्या काकांना सांगा की तेल गाळणाऱ्यांचंच सगळ्यात जास्त लिहून ठेवलंय, कारण घाणा म्हटला की कर आला आणि कर आला की कारकून आला.

आता मुद्द्याचं. लोक "ज्यू रेकॉर्ड" असं शोधत बसतात आणि हाताला काही लागत नाही म्हणून सोडून देतात. कोकणातल्या बेने इस्रायलांचं एकोणिसाव्या शतकाआधीचं स्वतःचं असं दप्तर फारसं नाहीच, पुस्तकं वगैरे सगळं नंतरचं. त्याआधीचं जे आहे ते सरकारी कागदात, आणि सरकारं तरी किती! तुमच्या रेवदंड्यातच १७४० पर्यंत पोर्तुगीज, मग मराठे, १८१८ नंतर इंग्रज. अलिबागकडे गेलात की आंग्रे, ते संस्थान १८४० ला खालसा झालं. आणि समोरची खाडी ओलांडून साळावला उतरलात की जंजिरा, तिथे सिद्दी थेट १९४८ पर्यंत. एकाच घरातला एक भाऊ या तीराला आणि दुसरा त्या तीराला असेल तर दोघांची नोंद दोन वेगळ्या राज्यांत. म्हणून पहिला प्रश्न हा नाही की ज्यूंचे कागद कुठे आहेत, पहिला प्रश्न हा की त्या साली ते गाव कोणाचं होतं.

१७९२ चा कागद आणि गाव पेशव्यांकडचं असेल तर पुण्याचं पेशवे दप्तर. तिथे प्रांतवार "जमाव" म्हणून भाग आहे, त्यात गावांचे हिशेब, झडत्या, मोहतर्फा वगैरे. मोहतर्फा म्हणजे धंद्यावरचा कर, तेली, कोष्टी, वाणी सगळ्यांकडून घ्यायचे, घाणेवाल्याचं नाव सापडलं तर तिथे सापडणार. फक्त एक लक्षात ठेवा, कारकून "यहुदी" किंवा "बेने इस्रायल" लिहीलच असं नाही. शनवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे, कागदात तेही असेल किंवा नुसतंच "तेली" असेल. मग ओळखायचं नावावरून. जुनी नावं मराठी वळणाची असायची, अबाजी, मुसाजी, दाऊदजी, एलोजी. मुंबईत १७९६ ला पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) बांधणारे सॅम्युअल इझिकिएल दिवेकर घरात सामाजी हसाजीच होते. अबाजी मात्र फसवतं, हिंदू अबाजी चिक्कार आहेत, एकट्या नावावर जाऊ नका, बापाचं नाव आणि धंदा पण जुळला पाहिजे.

आणि रुमाल, म्हणजे दप्तरातले कापडात बांधलेले गठ्ठे, मागवताना "कुलाबा" शोधा. रायगड जिल्हा हे नाव १९८१ चं. यादीत नुसतं कुलाबा टाकलं की मुंबईचा कुलाबा पण येतो आणि अर्धा दिवस त्यातच जातो, ते सोसायचं.

इंग्रजी काळ सोपा आहे. १८८३ चा कुलाबा आणि जंजिऱ्याचा गॅझेटियर ऑनलाइन फुकट आहे, त्यात या समाजावर वेगळा मजकूर आहे. त्यातलं रूपवर्णन वगैरे वाचून डोकं फिरेल, साहेबी नजर, पण गावं आणि धंदे कळतात. मुंबईचं राज्य पुराभिलेखागार एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे, महसूल खात्याचे खंड तिथे. जन्म मृत्यूसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे आपलं कोतवाल बुक, हल्ली दाखल्यांसाठी सगळे तेच उपसतायत त्यामुळे तिथला माणूस तयार झालेला असेल. घराचा जुना फेरफार काढा, तुमच्या आजोबांच्या आधी कोणाचं नाव होतं तिथून मागे मागे जा.

मोडी कागदाचा फोटो टाकलात तर वाचून देतो. नावं झाकून टाका हवं तर.

झिराडफाटा

वस्तूवाल्याला पहिला ब्लॉक करा 😠

अलिबागला इस्रायल आळीत मागेन अबोथ सिनेगॉग आहे, १८४८ चं, १९१० मध्ये पुन्हा बांधलं, अजून वापरात आहे. तिथे जाऊन भेटा. तुमच्या रेवदंड्यात पण बेथ एल आहेच. पेटीतली ती सणावारांची वही मला तरी सिनेगॉगच्या वर्गणीची वाटते, नव्याचा सण म्हणजे त्यांचं नवीन वर्ष, रोश हशाना. बिरड्याचा सण म्हणजे तो उपास असतो तिशा बेअव, त्या वेळी वालाचं बिरडं करायचे. आमच्या आईच्या मैत्रिणीकडून येत असे डबा. खिरीचा सण पण असेल बघा वहीत.

खोडकर_कुळकर्णी

वरचं सगळं छान पण मूळ प्रश्नात एक मेख आहे. ताईंनी विचारलंय "कुठून आले". ते कुठल्याच दप्तरात मिळणार नाही, उगाच आशा लावू नका.

गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, प्रेतं नवगावला पुरली, ही समाजाची स्वतःची आठवण आहे आणि तिचा मान ठेवूच, पण ती लिहिली गेली फार नंतर. हाइम सॅम्युअल किहीमकरांनी इतिहास लिहिला १८९७ मध्ये आणि तो छापून आला तेल अवीवला १९३७ साली! त्यांनी गलबताचा काळ इसवीसनापूर्वी १७५ च्या आसपास धरला, दुसऱ्यांनी दुसरा धरला. नवगावच्या त्या जुन्या उंचवट्यांवर नावं पण नाहीत नि सालं पण नाहीत. लेखी उल्लेख बघायला गेलं तर १७३८ मध्ये सार्टोरियस नावाचा मिशनरी या लोकांबद्दल ऐकून लिहितो, मग १७६८ मध्ये कोचीनचे इझिकिएल रहाबी हॉलंडला पत्र पाठवतात की मराठ्यांच्या मुलखात असे असे लोक आहेत, तेलाचे घाणे चालवतात, काही शिपाईगिरी करतात, शब्बाथ (शनिवारचा विसावा) पाळतात आणि शेमा ही ज्यूंची मुख्य प्रार्थना म्हणतात, बाकी धर्म ठाऊक नाही. २०१६ ला जनुकांचा अभ्यास झाला त्यात ज्यू आणि स्थानिक भारतीय दोन्ही वंश निघाले. म्हणजे बाहेरून आले हे खरं आणि इथल्यात मिसळले हेही खरं. पण कुठलं गलबत नि कुठलं साल, ते नाही.

तेव्हा १७९२ चा कागद हातात असताना दोन हजार वर्षांमागे कशाला धावायचं. तो कागद आधी वाचा.

रुमाल_सोडणारा

कुळकर्णी, नेहमीप्रमाणे ७०% बरोबर. पण किहीमकरांना नुसते दंतकथावाले करू नका. त्यांनी त्यांच्या काळात म्हाताऱ्यांकडून जे घेतलंय ते अठराव्या शतकापुरतं फार कामाचं आहे. चुरीकर घराण्यातले लोक आंग्र्यांच्या आरमारात नायक होते, त्यांना इनाम होतं, हे ते लिहितात. इनाम म्हटलं की इंग्रजांनी नंतर त्याची चौकशी केलीच असणार, म्हणजे सनदेची नक्कल मागितली, साक्षी घेतल्या, कागद तयार झाला. त्यांची दंतकथा बाजूला ठेवा आणि घराणी नि गावं उचला, मग दप्तरात ताडून बघा. मी तसंच करतो. झिराडकर, राजपूरकर, शापूरकर ही काझी घराणी पण त्यांनीच दिलीत. काझी म्हणजे त्यांच्यात लग्न लावणं, तंटे मिटवणं बघणारा, आणि गावोगाव फिरायचा. असा माणूस दोन राज्यांच्या हद्दीतून जाणार म्हटल्यावर त्याच्याकडे कुणाचं तरी पत्र असणारच, असं मला वाटतं.

लोदवाली_आत्या

मुली, तुझा धागा माझ्या भाचीने पाठवला. मी इस्रायलमध्ये लोदला असते, जन्म पेणचा, मराठी टायपिंग भाचीच्या मुलाने लावून दिलंय तर चुका पोटात घाल.

तो वेलबुट्टीचा कागद केतुबा आहे ग, लग्नाचा करार. छापील नमुना यायचा आणि नवरा नवरीचं नाव, बापांची नावं, गाव, तारीख हाताने भरायचे आणि खाली साक्षीदार. साक्षीदारांची नावं मुद्दाम वाचून घे, ते बहुतेक मामा काका नाहीतर मुकादम, म्हणजे जमातीचे म्होरके, असतात. सगळी नातीगोती तिथेच कळतात. त्यातली तारीख हिब्रू सालात असेल, ५६ सो काहीतरी. त्यातून ३७६० वजा कर म्हणजे इंग्रजी साल येतं, ५६०८ असेल तर १८४८. नव्याच्या सणापासून डिसेंबरपर्यंतचं लग्न असलं तर ३७६१ वजा करायचे. कबरींवर पण हेच, आणि कधीकधी हजाराचा आकडा सोडून देतात तेव्हा घाबरू नको. जेरुसलेमच्या नॅशनल लायब्ररीत केतुबांचा मोठा संग्रह आहे, ऑनलाइन फोटो दिसतात, त्यांच्याशी ताडून बघ म्हणजे नमुना कुठला ते कळेल.

झिराडफाटा म्हणतो ती वही बरोबर आहे. आमच्यात प्रत्येक जमातीचा मुकादम असायचा, गबाई पैसे सांभळायचा, हजान प्रार्थना म्हणायचा. गबाईची वही म्हणजे सण आला की कोणी किती दिलं, दिव्याचं तेल कोणी दिलं, कोणाच्या नावाने नवस फेडला. नुसते आकडे म्हणून टाकून देऊ नको, कोण गाव सोडून गेलं ते तिथे बरोब्बर दिसतं. एक नाव दरवर्षी येतंय येतंय आणि मग एकदम नाही. मेला असेल नाहीतर मुंबईला नाहीतर पलटणीत. आमच्या लोकांनी कंपनीच्या पलटणीत खूप नोकऱ्या केल्या.

आता काकांचं ते "सगळे कागद घेऊन गेले". घेऊन आलो खरं पण सगळे नाही, विमानात किती आणणार. आणि मग इथे काय झालं ऐक. १९६२ मध्ये इथल्या रब्बींच्या कचेरीने हुकूम काढला की बेने इस्रायलांचं लग्न लावण्याआधी त्यांच्या आईच्या आईच्या बाजूने मागे मागे चौकशी करा. आमच्या माणसांनी जेरुसलेमला जाऊन धरणं धरलं, १९६४ ला ते मागे घ्यावं लागलं. त्या दोन वर्षांत कित्येक घरांत पेट्या उघडल्या, केतुबा शोधल्या, कोकणात पत्रं लिहिली की सिनेगॉगच्या वहीतून उतारा पाठवा. ज्या कागदांना आम्ही कधी विचारलं नव्हतं ते एकदम कामाचे झाले. आमच्या घरी असा एक उतारा आहे, मुकादमाच्या सहीचा, मराठीतच लिहिलेला, इथल्या कारकुनाने तो उलटा धरला होता 😄

अजून एक. छापील मराठी विसरू नको. आमची हगादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायचं पुस्तक, मुंबईत १८४६ ला मराठीत शिळाछापावर छापली, पुण्यात १८७४ ला आणखी एक झाली. जोसेफ इझिकिएल राजपूरकरांनी किती प्रार्थना मराठीत आणल्या. हे सगळं कोणासाठी छापलं, तर ज्यांना हिब्रू येत नव्हतं पण मराठी येत होतं त्या तुझ्या गावच्या माणसांसाठी. अमेरिकन मिशनच्या शाळांत आमची मुलं शिकली, मास्तर पण आमचे होते, त्या मिशनची कागदपत्रं अमेरिकेत हार्वर्डला आहेत म्हणतात. पेटीत पुस्तक नाही का एखादं? तळाला बघ.

त्या कुटुंबाचं आडनाव मला खाजगीत कळव. गावावरूनच आडनावं आमची, इथे मायबोली त्रैमासिक निघतं मराठीत, तिथे विचारू आपण. सापडतील ग, आमच्यात कोणी ना कोणी कोणाला ओळखतंच.

अष्टागरची_पोर

आत्या, खाजगी मेसेज केलाय. पुस्तक आहे! तळाच्या वर्तमानपत्राखाली, पहिली पानं नाहीत, अर्धं हिब्रू अर्धं मराठी.

केतुबावरची तारीख अजून वाचून घ्यायचीय. रुमालदादा, मोडी कागद उद्या उजेडात फोटो काढून टाकते. आणि एक, गावातले म्हणतायत की कागद इस्रायलला त्या लोकांना पाठवून मोकळी हो. पाठवू का कुरियरने?

रुमाल_सोडणारा

कुरियर अजिबात नको. १९७२ चा पुरावशेष कायदा आहे, ७५ वर्षांहून जुनं ऐतिहासिक महत्त्वाचं हस्तलिखित किंवा कागद परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. तो वस्तूवाला पण त्याच कायद्यात येतो, लायसन्स आहे का विचारा, फोन बंद होईल. कुटुंब सापडलं तर त्यांना चांगले स्कॅन द्या आणि मूळ कागद कुठे ठेवायचे ते त्यांना विचारून ठरवा, शेवटी त्यांच्या घरचे आहेत.

लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, डांबरगोळ्या कागदात थेट टाकू नका. धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळा, पत्र्याच्या पेटीत परत ठेवू नका, पावसात तिला घाम सुटतो. वहीची पानं सुटी झाली असतील तर क्रम न बदलता फोटो काढा, कोरी पानंसुद्धा. मोडी कागदाचे पाठपोट दोन्ही फोटो हवेत, शेरा नि शिक्का पुष्कळदा पाठीवर असतो.

खोडकर_कुळकर्णी

आणि फोटो टाकताना एक सांगा, त्या कागदात गावाचं नाव लागलं का? घाणा रेवदंड्यातच होता हे आपण धरून चाललोय. घर इथलं म्हणून घाणा इथलाच असं काही नाही.

अष्टागरची_पोर

दादांना "ना" ने सुरू होणारं काहीतरी दिसतंय, नागाव म्हणतायत ते. पण शेवटचं अक्षर पुसट आहे.

रुमाल_सोडणारा

नागाव असेल तर अलिबागच्या बाजूला, आंग्र्यांचे कागद आधी बघायचे. नांदगाव निघालं तर खाडीपलीकडे जंजिऱ्यात, मग पुण्याचे रुमाल सोडून उपयोग नाही. आणि मोडीत अनुस्वार बहुतेक वेळा देतच नाहीत, त्यामुळे ना आणि गाव यांच्या मधे द आहे का तेवढं भिंगाने बघा, बाकी मी फोटोवरून सांगतो.